परत आलेला बडग्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. बांबू-कागदाची ती अजस्र बाई गावातली रोगराई आपल्याबरोबर घेऊन जाते, अशी समजूत आहे. तिच्या मागून वस्तीवस्तीचे बडगे निघतात. बडग्या म्हणजे पुरुषाचा पुतळा. त्या वर्षी ज्याने लोकांना छळले असेल त्याचे रूप त्याला द्यायचे, गळ्यात फाटक्या वहाणांची माळ घालायची, दिवसभर शिव्या देत मिरवायचे आणि संध्याकाळी वस्तीबाहेर नेऊन जाळायचे. आमच्या वस्तीच्या बडग्याचे तोंड मी सलग अकरा वर्षे केले. बाराव्या वर्षी जे घडले ते येथे लिहीत आहे. ते माझ्यावाचून कोणाला पुरते ठाऊक नाही. ज्या दुसऱ्या माणसाला ठाऊक होते तो आता नाही.

मी कचेरीत कारकून होतो. मध्यप्रांताचा सारा कारभार आमच्या शहरातून चाले आणि त्यातला एक अगदी लहान तुकडा माझ्या टेबलावर येई. मी लिहीत असे आणि खाली दुसऱ्याची सही होत असे. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण बडग्याचे तोंड माझे असे. त्यावर सही नसली तरी ते कोणाचे हे वस्तीत प्रत्येकाला माहीत असे. वर्षातून एक दिवस रस्त्याने जाताना लोक मला वाट करून देत. तेवढे मला पुरत होते.

काम वडिलांकडून आले होते. मातीच्या साच्यावर रद्दी कागदाचे थर कणकेच्या खळीने चढवायचे, दोन दिवस सुकवायचे, मग चुना, गेरू आणि काजळी. कचेरीतून टाकून दिलेली विलायती वर्तमानपत्रे मी त्यासाठी जपून ठेवीत असे, कारण त्यांचा कागद फुगत नाही. डोळे सर्वांत शेवटी. बुबुळाच्या काजळीत जवसाच्या तेलाचा एक थेंब घातला की ते ओले दिसते, आणि माणूस कोणत्याही बाजूला उभा राहिला तरी पुतळा आपल्याकडेच पाहत आहे असे त्याला वाटते. वडिलांनी हे मला दाखवले. मी ते एकालाच दाखवले.

तो एक म्हणजे माझा मित्र. आम्ही मराठी चौथीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढे मी इंग्रजी शाळेत गेलो आणि तो दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. कचेरीत लागल्यापासून मी घरातही पुस्तकी मराठी बोलू लागलो होतो. तो कधी बोलला नाही. पोळ्याआधी पंधरा दिवस तो बुरडाकडून बांबू आणी, फाडी, सांगाडा बांधी आणि त्यात भाताचे तणस भरी. धड त्याचे आणि तोंड माझे, अशी वाटणी होती. आमच्या वस्तीचा एक दंडकही होता. ज्याने तोंड केले त्याने आग लावायची नाही, कारण घडवणाऱ्या हाताने जाळू नये. म्हणून अकरा वर्षे माझ्या बडग्याला मशाल तोच लावीत आला. लावण्यापूर्वी तो दरवेळी मागे वळून मला विचारी, "लावू काय गा?" आणि मी मान हलवीत असे.

बडग्याची आमची कसोटी एकच होती. लोकांच्या तोंडून शिव्या किती निघाल्या? पटकीच्या वर्षी मी केलेल्या तोंडावर एक म्हातारी गर्दीतून पुढे येऊन थुंकली होती. तिची दोन नातवंडे त्या साथीत गेली होती. मी आठवडाभर समाधानात होतो. हे आज लिहिताना बरे वाटत नाही, पण तसे होते खरे.

त्या सुमारास सीताबर्डीवरच्या एका बायस्कोप थिएटरात मित्राला बोर्ड रंगवण्याचे काम मिळाले. बोलपट यायला अजून काही वर्षे होती. पडद्यावर माणसे मुकी हलत आणि खाली एक जण पेटी वाजवी. दर खेळाचा मोठा बोर्ड दारावर लागे आणि तो रंगवणाऱ्याला खेळ फुकट पाहता येई. बाराव्या वर्षीच्या पावसाळ्यापूर्वी तिथे एका विलायती विदूषकाचे खेळ येऊ लागले. उंच, काटकुळा माणूस. अंगात दुसऱ्याच कोणाच्या मापाचा लांब कोट, हातात मोडक्या काड्यांची छत्री. पाऊस आला की ती उघडत नसे आणि ऊन पडले की मिटत नसे. तो वारंवार पडे, आणि पडण्याआधी टोपी उचलून जमिनीला सलाम करी. त्याचे खरे नाव पाटीवर इंग्रजीत असे. वस्तीत त्याला छत्रीवाला साहेब म्हणत.

हे सगळे मी ऐकले होते, पाहिले नव्हते. तीन महिन्यांत मात्र तो आमच्या गल्लीत राहायला आला. गिरणीतून सुटलेले विणकर रस्त्यात ठेच लागली की टोपी उचलून जमिनीला सलाम करू लागले. आमच्या शिंप्याने स्वतःसाठी गुडघ्याखाली येणारा कोट शिवला. एका लग्नात नवरदेवाचा मामा मांडवात छत्री घेऊन तसा चालला, तेव्हा भटजींना मंगलाष्टके थांबवावी लागली. ज्यांनी आयुष्यात कामठीच्या पलीकडचे गाव पाहिले नव्हते, ते एका परक्या देशातल्या माणसाची चाल चालत होते, आणि तीही न चुकता.

मत्सर करायला माणूस जवळचा लागतो, असा माझा समज होता. सात समुद्रांपलीकडच्या माणसाचा कोणी कसला मत्सर करणार? त्याला नागपूर नावाचे गाव आहे हेही ठाऊक नसावे. त्याने माझे काही घेतले नव्हते. तरीही संध्याकाळी कचेरीतून येताना पारावर हसण्याचा आवाज झाला की मी पावले लांब टाकीत असे.

मित्र म्हणे, "चाल ना गा, एक डाव पाहून तर घे. पैसे लागत नाहीत, दरवान माह्या ओळखीचा आहे."

"मला काम आहे."

"काम तर मलेबी आहे. मी काय कामधंदा सोडून पाहून राहिलो?"

त्याने मला हे सातव्यांदा जाताना विचारले होते. पहिल्या सहा वेळा तो दुसऱ्यांबरोबर गेला होता. लहानपणापासून नवे काही दिसले की तो आधी माझ्याकडे धावत येत असे. हे मी त्याला बोलून दाखवले नाही.

श्रावणाच्या शेवटच्या पंधरवड्यात यंदाचा बडग्या ठरवायला मारुतीच्या पारावर बैठक बसली. वस्तीत ज्यांचा शब्द चाले ते तेलघाणेवाले आबा मध्ये बसले होते. मी तयारीने गेलो होतो. परदेशातून पत्र्याच्या डब्यांत येणारे नकली तूप तेव्हा बाजारात माजले होते. डब्याच्या पोटाचा, तुकतुकीत गालांचा बडग्या करावा, असे मी मांडले.

"बरोबर आहे," आबा म्हणाले. "त्या डब्यापायी माह्या घाण्याच्या तेलाले कोणी विचारत नाही."

"डबा यायच्या आधी कोण विचारे आबा?" न्हावी म्हणाला. लोक हसले. आबाही हसले.

मग मित्र उठला. तो बैठकीत कधी बोलत नसे. "मी म्हणतो, यंदा छत्रीवाला साहेब करू."

मी विचारले, "त्याने कोणती पीडा दिली?"

"कोणती?" त्याने न्हाव्याकडे बोट केले. "याले विचारा. मागच्या हप्त्यात त्या साहेबाची गोष्ट सांगता सांगता यानं माही अर्धी मिशी उडवली. तिकिटापायी घरोघरी भांडणं लागून राहिले. शिंपी कोट शिवून राहिला आन् लोकायच्या चोळ्या तशाच पडल्या. गिरणीत पोट्टे पडून पडून दाखवतात, एकाचा हात मोडला. याच्याहून मोठी पीडा कोणती पाहिजे बाबूजीले?"

"अर्धी मिशी गेली तेच बरं झालं," न्हावी म्हणाला. "पुरी होती तेव्हा तू कोणता राजा दिसत होता!"

पारावर हशा पिकला. तो माझ्याकडे पाहत होता. 'बाबूजी' तो मला कधी म्हणत नसे. मी हसलो नाही.

"तोंड कोण करणार?" मी विचारले.

"मीच करतो म्हणतो," तो म्हणाला. "तुले त्याचं तोंड माहीत नाही ना गा. तू पाहिलंच नाही."

आबांनी निकाल दिला, यंदा वस्तीचे दोन बडगे निघतील. आमच्या वस्तीत असे पूर्वी कधी झाले नव्हते.

त्या पंधरा दिवसांत मी कचेरीतून सरळ घरी येई आणि अंगणात कामाला लागे. बांबू मला स्वतः फाडावा लागला. त्यात माझी दोन बोटे कापली. मित्राचे काम त्याच्या ओसरीवर गोणपाटाच्या पडद्याआड चाले. तेथून दर संध्याकाळी बायकांचे हसणे ऐकू येई. एकदा तिथून जाताना वाऱ्याने पडदा हलला. आत छत्री दिसली. तिला दोरी होती. कोणीतरी दोरी ओढली आणि छत्री भसकन उघडून पुन्हा लोंबली. मी थांबलो नाही. पण त्या रात्री जेवताना छत्रीचा सांधा त्याने कसा बसवला असेल याचाच विचार मी करीत होतो.

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकर घरी आलो. परसात पत्नी पाठमोरी चालत होती आणि शेजारीण तोंडाला पदर लावून खाली बसली होती. पत्नीच्या हातात माझी जुनी छत्री होती. मान एका खांद्यावर कलली होती, गुडघे न वाकवता ती पाऊल टाकीत होती. तुळशीच्या ओट्याला पाय लागताच तिने डोक्यावर नसलेली टोपी उचलून ओट्याला सलाम केला. मग तिला मी दिसलो.

"काय चाललं आहे?"

"काही नाही. छत्री वाळत घालत होते."

छत्री कोरडी होती. शेजारीण भिंतीकडेने निघून गेली.

"कुठे पाहिलंस तू हे?"

"बायकांच्या खेळाला. गल्लीतल्या सगळ्याच गेल्या होत्या. मी हळदीकुंकवाला जाते म्हणून सांगितलं."

"मला विचारलं नाहीस."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणून विचारलं नाहीस?"

"म्हणूनच."

मला याहून अधिक काही बोलायचे नव्हते. तरी मी बोललो. "अकरा वर्षांत माझ्या बडग्याला तू एकदाही हसली नाहीस."

तिने छत्री नीट मिटली. "तो हसायला कुठे असतो? त्याला शिव्या द्यायच्या असतात. आणि खरं सांगू का, मला शिव्या द्यायचा कंटाळा येतो."

ती आत गेली. मी माझ्या तुपाच्या बडग्याच्या गालांवर रंगाचा दुसरा हात मारला. गाल फार तुकतुकीत झाले.

मारबतीच्या दिवशी आमचे दोन्ही बडगे पारावरून निघाले. माझा पुढे होता. डब्याचे पोट, त्यावर वहाणांची माळ, हातात पळी. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" हा घोष सगळीकडे चालला होता. दुतर्फा उभ्या असलेल्या लोकांनी माझ्या बडग्याकडे पाहिले, काहींनी दोनचार शिव्या घातल्या. त्या मी मोजल्या नाहीत, कारण त्या मोजण्याइतक्या नव्हत्या. मग त्यांची नजर मागे गेली.

मागून तो येत होता. पुतळा खांद्यावर घेतलेल्या मंडळींनी असा ठेका धरला होता की तो खरोखरच गुडघे न वाकवता चालत आहे असे दिसे. दर वीस पावलांवर मित्र दोरी ओढी. टोपी वर जाई, छत्री उघडे, उलटी होई, लोंबे. माड्यांवरून बायका वाकून पाहत होत्या. इतवारीच्या चौकात दुसऱ्या वस्त्यांचे लोक आपापले बडगे रस्त्यात ठेवून धावत आले. शिवी एकानेही दिली नाही. एका म्हाताऱ्या विणकराने आपली टोपी उचलून त्याला उलट सलाम केला आणि सगळा चौक हसला. मी पुढे चालत होतो. माझ्या मागे इतके हसणे मी कधी ऐकले नव्हते आणि त्यातले काहीच माझे नव्हते.

संध्याकाळी वस्तीबाहेरच्या नाल्याकाठी पोचलो. मित्राने मशाल घेतली आणि माझ्या बडग्यापाशी उभा राहिला. मागे वळून त्याने विचारले, "लावू काय गा?" मी मान हलवली. तणस कोरडे होते. लवकर पेटले.

मग दंडकाप्रमाणे मशाल माझ्या हातात आली. साहेबाचे तोंड त्याने केले होते, तेव्हा आग मी लावायची. मी पुढे झालो. विचारायचे होते, ते विचारले नाही. मी मशाल खाली नेली.

"नको जाळू गा त्याले!" गर्दीतून कोणीतरी ओरडले. मग दुसरा. मग बायका. "राहू द्या! राहू द्या हो बाबूजी!"

मी आबांकडे पाहिले. ते दंडक मोडू देणार नाहीत, अशी माझी खात्री होती. आबा काठीवर रेलून पुतळ्याकडे पाहत होते आणि त्यांच्या तोंडावर मिशीआड हसू होते. "ज्याले एक शिवी पडली नाही," ते म्हणाले, "त्याच्यासंग पीडा तरी कशी जाईन? उचला. घरी न्या त्याले."

मशाल मी ओल्या मातीत विझवली. नाल्याकाठाहून बडग्या परत आल्याचे आमच्या वस्तीत कोणी ऐकले नव्हते. तो ताशाच्या गजरात आला. त्यांनी त्याला शिंप्याच्या ओसरीवर उभे केले, रस्त्याकडे तोंड करून. माझ्या कपड्यांना माझ्याच बडग्याच्या धुराचा वास येत होता. दारात पत्नी उभी होती. "परत आणला?" तिने विचारले. तिला आनंद झाला होता आणि तो लपवण्याचा तिने प्रयत्न केला, हे मला अधिक लागले.

पुढचे सतरा-अठरा दिवस कचेरीला जाताना आणि येताना मी त्याच्यासमोरून गेलो. तो माझ्याकडे पाही. कोणत्याही बाजूने गेलो तरी पाही. ते का, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. मी नीट पाहिलेच नाही, मान खाली घालून जात होतो. येणारेजाणारे त्याची दोरी ओढीत. सावनेरहून बाजाराला आलेले गाडीवान बैल थांबवून त्याला पाहायला उतरत. "हा कोणी केला?" ते विचारत, आणि लोक मित्राचे नाव सांगत.

भाद्रपदात आमच्याकडे ताप येतो. पाऊस उघडतो, डबकी राहतात, डास होतात आणि घरोघरी अंथरुणे पडतात. दरवर्षी येतो, थंडी पडली की जातो. हे मला पक्के ठाऊक होते. त्यासंबंधीच्या सरकारी कागदांच्या नकला मीच करीत असे. त्या वर्षी ताप आला तेव्हा तो आदल्या वर्षाहून जास्त नव्हता.

एका सकाळी सार्वजनिक नळावर पाणी भरायला रांग होती. शिंप्याची बायको म्हणाली, घरात तिघे पडले आहेत, काय करावे कळत नाही. मी आपली घागर उचलली आणि जाता जाता म्हणालो, "पीडा न्यायला केलेला पुतळा ओसरीवर उभा आहे. मग पीडा जाणार कुठे?"

एवढे एकच वाक्य. दुसऱ्यांदा मला ते बोलावे लागले नाही. मी वर्तमानपत्र वाचणारा, कचेरीतला माणूस. माझ्या तोंडून असे निघाले म्हणजे त्यात तथ्य असलेच पाहिजे. दोन दिवसांत ते वाक्य गल्लीभर झाले आणि तिसऱ्या दिवशी ते मला परत ऐकू आले तेव्हा त्यात माझे काही उरले नव्हते. शिंप्याने ओसरीवरचा पुतळा रस्त्याच्या पलीकडे नेऊन ठेवला. पलीकडच्यांनी तो पाराजवळ लोटला. दोरी ओढायचे सगळ्यांनी सोडले. बायका त्याच्यासमोरून जाताना पदर ओढून घेत. पत्नीने मला जेवायला वाढताना विचारले, "भादव्यात ताप दरवर्षी येतो ना हो?" मी म्हणालो, "येतो." तिने पुढे काही विचारले नाही.

मग मित्राच्या आईला ताप आला. तापाच्या ग्लानीत तिने मुलाचा हात धरून सांगितले की तो पुतळा जाळ. त्याने तिला औषध आणून दिले, समजावले. ती ऐकेना. त्या संध्याकाळी तो माझ्या दारात आला. आत ये म्हटले तर आला नाही.

"नळावर तूच बोलला ना गा?"

"लोक बोलत आहेत."

"लोकायचं मी विचारून नाही राहिलो."

मी कंदिलाची वात खाली केली.

"तुले ठाऊक आहे हा ताप कशाचा ते. माहीत असून काहून बोलला?"

मी दाराची कडी चाचपली. तो उंबऱ्यापासून एक पाऊल मागे सरला. मग म्हणाला, "एक सांग. त्याच्याकडे पाहून तुले एकडावबी हसू आलं नाही काय?"

याचे खरे उत्तर 'मी पाहिलेच नाही' असे होते. तेही मी दिले नाही.

"उद्या नेतो त्याले," तो म्हणाला. "मले तर लावता येत नाही. आग तूच लाव."

दुसऱ्या दिवशी नाल्याकाठी दहाबारा माणसेच होती. ताशा नव्हता. पुतळा पावसाने थोडा भिजला होता, कोटाचा रंग उतरला होता, पण तोंड तसेच होते. मशाल घेऊन मी जवळ गेलो आणि तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिले.

बुबुळे ओली होती. काजळीत जवसाचे तेल होते. कानाच्या पाळीजवळ रंग उडाला होता तेथे खालचे थर दिसत होते. कडा आतून दुमडलेल्या, माझ्या वडिलांच्या रीतीने. भुवईचा फटकारा बाहेरून आत, जसा मी मारतो. विलायती साहेबाचे ते तोंड आमच्या अंगणात शिकलेल्या हाताने केले होते. जे काही मी त्याला कधी दाखवले ते सगळे त्यात होते, आणि त्याशिवाय आणखी काही होते जे मला कधी साधले नव्हते. माझे बडगे रागाने पाहत. हा पाहत होता तो आपण आता पडणार आहोत हे ठाऊक असलेल्या माणसासारखा, आणि तरीही टोपी उचलायला तयार. बारा तोंडे मी केली. त्यातले एकही इतके चांगले नव्हते.

हे कळल्यावर माझा हात थांबला असता तर मी हे लिहायला बसलो नसतो. हात थांबला नाही. मी मागे वळून विचारले, "लावू का?" तो मान न हलवता माझ्याकडे पाहत राहिला. मी आग लावली. आतले तणस ओलसर होते. वेळ लागला. छत्री शेवटपर्यंत उभी होती.

थंडी पडली आणि ताप गेला. त्याची आईही बरी झाली. लोकांनी श्रेय त्या जाळण्याला दिले आणि थोडे मला. पुढच्या वर्षीपासून पुन्हा एकच बडग्या निघू लागला आणि त्याचे तोंड पुन्हा मी करू लागलो. मला जे हवे होते ते मला परत मिळाले होते. सांगाडा बांधायला त्याला बोलावले तेव्हा तो म्हणाला, "बोर्ड आहेत." त्यानंतर मी बोलावले नाही. रस्त्यात भेटला तर बोलत असे. आईची प्रकृती, पाऊसपाणी. 'तू' म्हणणे त्याने सोडले होते.

माझ्या बडग्याला आता दुसऱ्याच कोणीतरी आग लावी, न विचारता. तिसऱ्या वर्षी आबा म्हणाले, "यंदा त्याच्यासारखा टोपी उचलणारा कर ना रे बाबू. लोकायले तेच आठवते." मी आठ दिवस सांध्यावर घालवले. चौकात मी दोरी ओढली आणि टोपी अर्ध्यावर अडकली. लोकांनी मान वळवून माझी अडचण पाहिली नाही असे दाखवले. त्या वर्षानंतर तोंड करणे मी सोडले.

बोलपट आले तेव्हा मुक्या खेळांचे दिवस सरले. एकदा थिएटरवाल्याने जुने खेळ शेवटचे म्हणून स्वस्तात लावले. मी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि दुपारच्या खेळाला एकटा गेलो. पडद्यावर पाऊस पडला, छत्री उघडली नाही. तो पडला, त्याने टोपी उचलली. आजूबाजूचे लोक हसत होते. मी लक्ष देऊन पाहिले. चाल तीच होती, कोट तोच होता. पण त्याचे डोळे साधे होते. ते समोर कुठेतरी पाहत, माझ्याकडे पाहत नव्हते. खरा साहेब त्या नाल्याकाठी मी जाळलेल्या साहेबाहून कमी होता. मी इतकी वर्षे ज्याचा द्वेष केला तो हा नव्हताच.

बाहेर आलो तर दारावर शिडी लावलेली होती आणि मित्र वर उभा राहून पुढच्या खेळाचा बोर्ड रंगवीत होता. केस पिकले होते. त्याने मला आतून बाहेर पडताना पाहिले. ब्रश थांबला.

"पाहिला?" त्याने वरून विचारले.

"पाहिला."

"कसा वाटला?"

मी रस्त्याकडे पाहिले. मग म्हणालो, "छत्री तुझी बरी उघडत होती."

त्याने ब्रश डब्यात ठेवला. मग शिडीवरून थोडा वाकला आणि इतक्या वर्षांनी प्रथमच जुन्या आवाजात म्हणाला, "आन् डोळे गा?"

त्याला काय ऐकायचे होते ते मला कळले. दोन शब्दांचे काम होते. पण ते डोळे चांगले होते असे म्हटले असते, तर ते त्याचे झाले असते. मी छत्री उघडली, ऊन होते म्हणून, आणि घराकडे चालू लागलो. वळणावर मागे पाहिले तेव्हा तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून रंगवीत होता.